शिक्षकांनी ‘हे मूल हुशार आहे’ असं मनात धरलं, तर ते खरंच पुढे जातं का?

हो, जातं, पण सांगतात तितकं नाही. रोझेन्थल आणि जेकबसन या अमेरिकी संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत सुमारे २० टक्के मुलं नुसती चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली आणि शिक्षकांना सांगितलं, ‘ही यंदा चमकतील.’ वर्षअखेरीस त्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा जास्त वाढलेला दिसला (निष्कर्ष १९६८ साली छापले), तोही ठळकपणे पहिली-दुसरीतच. यात जादू काही नाही, फरक वागण्यातून पडतो: लाडका विद्यार्थी अडखळला की बाई थांबतात, एखादा धागा देतात, दुसरा अडखळला की लगेच ‘बस खाली, कोण सांगेल?’ मात्र त्या प्रयोगातल्या चाचणीवर बरीच टीका झाली आणि पुढच्या अभ्यासांत परिणाम बहुधा लहानच निघाला.