मेंढ्या-शेळ्यांतील गोचीडजन्य जिवाणू : रक्ताचा नमुना कधी आणि कसा द्यावा

प्रश्न : पावसाळा सरताना कळपातील काही मेंढ्या व शेळ्या मलूल होऊन मागे पडू लागल्या. पापण्या पांढुरक्या झाल्या असून जंताचे औषध देऊनही फरक नाही. अंगावर गोचीड आहेत, पण लघवी लाल होत नाही आणि रक्ततपासणीत ‘काही आढळले नाही’ असे सांगण्यात आले. तरीही हा गोचीडताप असू शकतो का?

उत्तर : होय, असू शकतो. लाल लघवी हे बबेसिया या गोचिडांमुळेच होणाऱ्या, परंतु वेगळ्या आजाराचे लक्षण आहे. तुम्ही विचारलेला गोचीडताप आणणारा अॅनाप्लाझ्मा ओव्हिस हा जिवाणू तांबड्या रक्तपेशींत राहतो आणि बाधित पेशी मुख्यतः प्लीहेत नष्ट होत असल्याने लघवीचा रंग सहसा बदलत नाही. जनावर मात्र फिकट पडते, दूध आटते आणि काही वेळा पापणीच्या आत पिवळसर झाक दिसते. पापणी जंतांमुळेही पांढरी पडते, पण त्यात सहसा ताप नसतो आणि जबड्याखाली पाणी साचलेले आढळते. म्हणून सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, सावलीत थर्मामीटर लावावा. तापमान १०४ अंश फॅरेनहाइटच्या वर राहत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे, कारण रक्तक्षय पूर्ण दिसू लागेपर्यंत ताप बहुधा उतरलेला असतो आणि तपासणीची उत्तम वेळ निघून जाते.

तुमच्या अहवालाचे कारणही बहुधा इथेच असावे. तापाच्या भरात काचेवरील पातळ रक्तलेपात पेशीच्या कडेला गडद जांभळे ठिपके दिसू शकतात; आजारातून सावरलेल्या जनावरात मात्र जिवाणू हजारात एखाद्या पेशीतही सापडत नाही, तरी ते जनावर दीर्घकाळ वाहक राहते आणि गोचिडांमार्फत इतरांना बाधा पोहोचवते. शिवाय रंगाचा कण किंवा रक्तक्षयात दिसणारे पेशींतील अवशेष याच ठिपक्यांसारखे भासतात. म्हणून काचेसोबत पीसीआर, म्हणजे रक्तातील जिवाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या, तपासणीसाठीही नमुना द्यावा, असा माझा आग्रह आहे. २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी नोंदवलेला अॅनाप्लाझ्मा कॅप्रा हा शेळ्यांत आणि गोचीड चावलेल्या माणसांतही आढळलेला जिवाणू असून, अशा नव्या प्रजाती केवळ सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाहीत.

नमुना प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यापूर्वीच घ्यावा. ही एकच गोष्ट पाळली गेली, तरी निष्फळ तपासण्या पुष्कळ कमी होतील. पशुवैद्यक जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतील; नळी जोरात न हलवता हळुवार आठ-दहा वेळा उलटसुलट करावी आणि बर्फाच्या पिशवीशेजारी, पण रक्ताचा बर्फ होणार नाही अशा रीतीने पाठवावी. रक्तलेपाची काच हवेत लगेच वाळवून झाकावी, कारण उघड्या काचेवरचे रक्त माश्या चाटून नेतात. केवळ मरायला टेकलेल्या जनावराचे नव्हे, तर नुकताच ताप आलेल्या आणि त्याच कळपातील वरून निरोगी दिसणाऱ्या दोन-तीन जनावरांचेही नमुने द्यावेत. कानाच्या आत, कासेजवळ आणि शेपटीखाली लोकर बाजूला करून पाहावे, आढळलेले गोचीड चिमट्याने काढून ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवावेत. ते बोटांनी कदापि चिरडू नयेत.

पीसीआर अहवाल होकारार्थी आला म्हणजे आजाराचे कारण हेच, असे मात्र लगेच ठरवू नये. गोचिडांचा प्रादुर्भाव असलेल्या भागात धडधाकट जनावरेही वाहक असतात. त्यामुळे अहवाल नेहमी ताप, पापणीचा रंग, हिमोग्लोबिन आणि लेंडीतील जंतांची तपासणी यांच्यासह वाचावा लागतो. ऑक्सिटेट्रासायक्लिन अॅनाप्लाझ्मावर उपयुक्त असले, तरी बबेसियासाठी वेगळे औषध लागते. अंदाजाने इंजेक्शन टोचल्यास नेमका हाच फरक झाकला जातो. औषधाची मात्रा आणि त्यानंतर दूध किती दिवस वापरायचे नाही, हे पशुवैद्यकच सांगतील.

लसीकरणात किंवा औषध देताना एकच सुई अनेक जनावरांना वापरल्यास हा जिवाणू गोचिडांशिवायही पसरतो, त्यामुळे प्रत्येक जनावरासाठी स्वतंत्र सुई मागावी. कळप रानात असेल आणि दवाखाना दूर असेल, तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मागणी करता येते. त्या वेळी ताप किती आहे आणि याआधी कोणते इंजेक्शन दिले आहे, हे आवर्जून सांगावे.