खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) किंवा सिगरेट सोडली की इतकं उदास का वाटतं? डिप्रेशन आणि निकोटिनचा मेंदूत काय संबंध आहे?

संबंध दोन्हीकडून आहे भाऊ. तंबाखूतलं निकोटिन मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या रिसेप्टरला (पेशीवरची ते रसायन पकडायची जागा) चिकटतं, त्यातून डोपामिन हे मजा वाटवणारं रसायन सुटतं आणि मूड जरा उचलल्यासारखा वाटतो, आता डिप्रेशनमध्ये ही मजा वाटायची यंत्रणाच मंद झालेली असते म्हणून असा माणूस तंबाखूकडे जास्त ओढला जातो. पण रोज घेतलं की मेंदू हे रिसेप्टर वाढवून ठेवतो, रक्तातलं निकोटिन साधारण 2 तासांत निम्मं होते, मग ते रिकामे रिसेप्टर बोंबलायला लागतात... चिडचिड, उदासी, कशातच मन नाही. पानठेल्यावर जाऊन खर्रा तोंडात टाकला की बरं वाटते, पण भागली ती फक्त तलफ, डिप्रेशन तिथंच. आपल्या नागपुरात तर लोक खर्रा टेन्शनवरचं औषध समजून खातात बाप्पा!

सोडल्यावर पहिला आठवडा बेकार जातो, बहुतेकांचं 2 ते 4 आठवड्यांत निवळतं. 2014 ला बीएमजे या जर्नलमध्ये 26 अभ्यास एकत्र करून पाहिले होते, त्यात सिगरेट सोडणाऱ्यांचं डिप्रेशन न सोडणाऱ्यांपेक्षा कमी झालेलं दिसलं. ब्युप्रोपिऑन ही डिप्रेशनचीच गोळी सिगरेट सोडायलाही देतात, पण फिट येत असेल तर चालत नाही, मनाने घेऊ नका. आधीपासून डिप्रेशन असेल तर मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या) मानसोपचार ओपीडीत दाखवूनच सोडायला घ्या, चालू असलेल्या गोळ्यांचा डोसही कधीकधी बदलावा लागतो.