मोफत परवान्याचे संगीत : वाजवण्यापूर्वी काय पाहावे?

संगीतकाराने मोफत परवान्याखाली खुले केलेले संगीत जाहीर ठिकाणी किंवा रेडिओवर वाजवता येते का, आणि वाजवले तर कोणाला काही देणे लागते का, असे विचारणारी बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत. म्हणून या अंकात याच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. कायदा देशागणिक बदलतो, त्यामुळे रक्कम किंवा दंडाचा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला असेल तर स्थानिक वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

प्रश्न : आम्ही एक छोटे सामुदायिक रेडिओ केंद्र चालवतो. एका संकेतस्थळावर ‘मोफत डाउनलोड’ असे लिहिलेले पाहून आम्ही बरेच संगीत उतरवून घेतले आहे. ते प्रसारित करायला एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : पुरेसे नाही. ‘मोफत डाउनलोड’ या शब्दांनी आपल्याला फक्त एक प्रत घेण्याची मुभा मिळते. प्रत घेणे, ती चारचौघांत वाजवणे आणि ती प्रसारित करणे हे कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळे हक्क आहेत, आणि एकाची परवानगी मिळाली म्हणून दुसऱ्याची आपोआप मिळत नाही. म्हणून ‘मोफत’ हा शब्द न पाहता त्याखालचे परवान्याचे नाव पाहावे. आपली कृती ठरावीक अटींवर इतरांना मोफत वापरू देता यावी यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने सहा तयार परवाने केले आहेत. तिथे त्यांपैकी एखादा परवाना असेल, तर आपले काम बरेच सोपे होते. हे परवाने पहिल्यांदा डिसेंबर २००२ मध्ये आले आणि त्यांची चौथी आवृत्ती नोव्हेंबर २०१३ मध्ये निघाली. जाहीर सादरीकरण आणि प्रसारण या दोन्ही गोष्टी त्यांत धरलेल्या आहेत, आणि फरक असतो तो सोबतच्या अटींचा.

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. कोणत्याही ध्वनिमुद्रित गाण्यात दोन स्वतंत्र मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, म्हणजेच शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या रचनेचे विशिष्ट ध्वनिमुद्रण, आणि त्यात गायक-वादकांचे व निर्मात्याचे हक्क गुंतलेले असतात. समजा, चार तरुणांनी एक गाजलेले गाणे आपल्या पद्धतीने गायले, उत्तम मुद्रित केले आणि मोठ्या मनाने मोफत परवान्याखाली खुले केले. त्यांनी दिलेली परवानगी फक्त त्यांच्या ध्वनिमुद्रणापुरती आहे. मूळ चालीचा मालक त्यात कुठेच आलेला नाही, आणि जे आपले नाही ते कोणी दुसऱ्याला देऊ शकत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यातही, देणाऱ्याकडे सगळे हक्क आहेत याची हमी दिलेली नसते. म्हणून प्रत्येक गाण्याच्या पानावर गीतकार कोण, संगीतकार कोण आणि गायले कोणी, हे तीनही पाहावे. तिथे फक्त वाद्यवृंदाचे नाव असेल आणि चाल ओळखीची वाटत असेल, तर ते गाणे तूर्त बाजूला ठेवावे.

आता श्रेयनिर्देशाबद्दल, कारण रेडिओवर त्याचीच सर्वांत जास्त हेळसांड होते. माध्यमाला शोभेल अशा कोणत्याही वाजवी रीतीने श्रेय द्यावे, अशी परवान्यातली तरतूद आहे. रेडिओला शोभणारी रीत म्हणजे निवेदकाचा आवाज. गाणे संपल्यावर रचनेचे नाव, कलाकाराचे नाव आणि ‘क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश परवान्याखाली’ एवढे शब्द शांतपणे उच्चारायला दहा सेकंदही लागत नाहीत. केंद्राच्या संकेतस्थळावर त्या दिवशी वाजवलेल्या गाण्यांची यादी दुव्यांसह ठेवली, तर तपशिलाची उरलेली बाजूही सांभाळली जाते. ज्या कलाकाराने पैसे मागितलेले नाहीत, त्याला मिळणारा मोबदला म्हणजे त्याचे नाव. तो कापला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. अनवधानाने चूक झालीच, तर चौथ्या आवृत्तीत एक दिलासा आहे : चूक लक्षात आल्यापासून तीस दिवसांच्या आत ती दुरुस्त केली, तर संपुष्टात आलेला परवाना आपोआप पुन्हा लागू होतो.

प्रश्न : माझ्या दुकानात मी फक्त मुक्त परवान्याचेच संगीत लावतो. तरीही रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेने शुल्काची मागणी केली आहे. मी ते का द्यावे?

उत्तर : आपला राग मी समजू शकतो, पण आधी त्या संस्थांविषयी दोन शब्द. १८४७ साली पॅरिसमधल्या एका कॅफेत अर्नेस्ट बुर्जे हा गीतकार बसला होता आणि समोर त्याचीच गीते गायली जात होती. तुम्ही माझ्या गीतांचे पैसे देत नाही, तर मीही तुमच्या पेयाचे पैसे देणार नाही, असे त्याने मालकाला सुनावले. प्रकरण न्यायालयात गेले, बुर्जे जिंकला, आणि १८५१ मध्ये ‘सासेम’ ही संस्था उभी राहिली. हजारो ठिकाणी वाजणाऱ्या गाण्याचा माग एकट्या संगीतकाराला ठेवता येत नाही. या संस्था त्या गरजेतून निर्माण झाल्या, आणि ती गरज आजही संपलेली नाही.

मात्र जो संगीतकार संस्थेचा सभासदच नाही, त्याच्या रचनेपोटी संस्थेला शुल्क मागता येते का, हा आपला प्रश्न रास्त आहे. स्पेनमधल्या बादाखोस इथल्या न्यायालयापुढे २००६ मध्ये नेमका हाच वाद आला होता. लेखक-संगीतकारांच्या संस्थेने एका बारच्या मालकावर दावा केला होता. आपण क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे संगीत वाजवतो हे मालकाने न्यायालयाला पटवून दिले, आणि संस्थेचा दावा फेटाळला गेला. यातला ‘पटवून दिले’ हा भाग महत्त्वाचा आहे. जर्मनीत तर वाजणारे संगीत ‘गेमा’ या संस्थेच्या संग्रहातलेच असणार, असे न्यायालये सुरुवातीलाच गृहीत धरत आली आहेत, आणि तसे नाही हे दाखवण्याचा भार वाजवणाऱ्यावर पडतो. त्यामुळे ‘माझे सगळे संगीत मोफत आहे’ एवढे तोंडी सांगून भागत नाही. प्रत्येक गाण्याचे नाव, रचनाकार, कलाकार, परवाना, उतरवून घेतल्याची तारीख आणि त्या पानाची जतन केलेली प्रत अशी नोंदवही हाताशी हवी. मी स्वतः ही सवय एका फटक्यानंतर लावून घेतली. एका गाण्याचे पान तीन वर्षांनी नाहीसे झाले होते, आणि परवाना काय होता हे दाखवायला माझ्याकडे धारिकेच्या नावापलीकडे काहीही उरले नव्हते.

नोंदी चोख असूनही काही देशांत एक देणे शिल्लक राहू शकते. १९६१ च्या रोम कराराने बाजारात आलेले ध्वनिमुद्रण प्रसारित केल्यास किंवा जाहीर वाजवल्यास कलाकार, निर्माते किंवा दोघांनाही मिळून एकच वाजवी मोबदला मिळावा असे तत्त्व मांडले, आणि अनेक देशांनी ते कायद्यात आणले. फ्रान्समध्ये हा मोबदला कायद्यानेच ठरलेला असून तो ठरावीक संस्थेमार्फतच गोळा होतो. तिथल्या एका गालिच्यांच्या दुकानसाखळीने स्वतंत्र कलाकारांच्या ‘जामेंडो’ या मंचावरचे संगीत रीतसर सशुल्क परवान्याने घेतले होते, आणि त्यामुळे संस्थेला काही द्यावे लागणार नाही अशी तिची समजूत होती. ११ डिसेंबर २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कलाकाराशी थेट करार झाला असला तरी कायद्याने ठरवलेला हा मोबदला चुकत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यातही याची जाणीव ठेवलेली आहे : परवाना देणारा रॉयल्टी घेण्याचा आपला हक्क शक्य तिथवर सोडतो, पण जिथे कायदा तो सोडूच देत नाही तिथे तो राखून ठेवतो. म्हणून मागणीपत्राला उत्तर देताना, ही रक्कम रचनेपोटी मागितली आहे की ध्वनिमुद्रणापोटी, आणि कोणत्या कलमाखाली, हे आधी लेखी विचारावे. रचनेपोटी असेल तर आपली नोंदवही पुढे करावी. ध्वनिमुद्रणापोटी असेल आणि कायदा तसे सांगत असेल, तर ती द्यावी लागेल.

प्रश्न : ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे मोफतच ना?

उत्तर : नाही. दर वापरामागे वेगळी रॉयल्टी द्यावी लागत नाही, इतकाच त्याचा अर्थ. सुरुवातीची किंमत बहुधा असतेच, आणि पुष्कळ वेळा तो परवाना चित्रफितीपुरता असतो. जाहीर सादरीकरण आणि प्रसारण त्यातून वगळलेले असू शकते, म्हणून ती दोन कलमे शोधून वाचावीत.

प्रश्न : आमची नाट्यसंस्था नफा कमावत नाही. प्रयोगाला तिकीट असते आणि त्यातून खर्च भागतो. ‘अव्यापारी’ अटीचे संगीत आम्ही प्रयोगात आणि जाहिरातीत वापरू शकतो का?

उत्तर : या अटीत संस्थेचा प्रकार पाहिला जात नाही, वापराचा हेतू पाहिला जातो. व्यापारी लाभ किंवा पैशाचा मोबदला मिळवणे हा वापराचा मुख्य उद्देश असता कामा नये, अशी परवान्याची भाषा आहे. संस्था ना-नफा आहे एवढ्याने आपण सुरक्षित होत नाही. बेल्जियममधल्या एका नाट्यमहोत्सवाने आपल्या रेडिओ जाहिरातीत एका वाद्यवृंदाच्या गाण्याचा तुकडा वापरला होता. गाण्यावर श्रेयनिर्देश, अव्यापारी आणि ‘फेरफार नको’ अशा तीनही अटी होत्या. २०१० मध्ये निव्हेलच्या न्यायालयाने महोत्सवाने परवान्याचा भंग केल्याचे ठरवून भरपाई देण्याचा आदेश दिला. तिकीट लावलेल्या प्रयोगाबाबत मतभेद होऊ शकतात, पण तिकिटे खपवणाऱ्या जाहिरातीत असे संगीत वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कलाकाराला दोन ओळींचे पत्र पाठवून विचारावे. होकार मिळाला, तर त्या पत्रापेक्षा चांगला परवाना नाही.

प्रयोगाची चित्रफीत करणार असाल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. चलचित्राला संगीत जुळवून लावणे म्हणजे त्या संगीताचे रूपांतर करणे, असे हे परवाने मानतात. त्यामुळे ‘फेरफार नको’ अट असलेले संगीत चित्रफितीला लावून ती प्रसिद्ध करता येत नाही, आणि ‘तशीच वाटणी’ अट असलेले लावल्यास चित्रफीतही त्याच परवान्याखाली खुली करावी लागते.

प्रश्न : रचनाकाराला जाऊन शेकडो वर्षे झाली असतील, तर संगीत आपोआप मोकळे होते का?

उत्तर : रचना मोकळी होते, पण तिच्याबरोबर ध्वनिमुद्रण आपोआप मोकळे होत नाही. योहान सेबास्टियन बाख १७५० मध्ये वारला आणि त्याच्या स्वररचनांवर आज कोणाचाही कॉपीराइट नाही. पण गेल्या दशकात एखाद्या वादकाने मुद्रित केलेली तीच रचना त्या वादकाची आणि निर्मात्याची असते. अमेरिकेत तर १९२३ पूर्वी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी कॉपीराइटमुक्त झाली. यांत्रिक पद्धतीने हक्क तपासणाऱ्या मंचांवर जुन्या रचनांवरून खोटे दावे उठतात, त्याचेही मूळ इथेच आहे, कारण यंत्राला एका वादकाचे मुद्रण दुसऱ्याच्या मुद्रणासारखे वाटते. सुदैवाने काही वादकांनी ही उणीव ओळखली. पियानोवादक किमिको इशिझाका यांनी बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चे मुद्रण २०१२ मध्ये ‘सीसी झिरो’ खाली, म्हणजे सर्व हक्क सोडून, खुले केले. लोकांनी वर्गणी काढून एका मोठ्या कलाकाराकडून सर्वांसाठी संगीत मुद्रित करून घ्यावे, यापरते सुंदर उदाहरण मला या क्षेत्रात दुसरे दिसत नाही.

प्रश्न : मी संगीतकार आहे. माझ्या काही रचना छोट्या रेडिओ केंद्रांना मोफत वाजवता याव्यात, अशी माझी इच्छा आहे. मात्र मी रॉयल्टी गोळा करणाऱ्या हक्कसंस्थेची सभासद आहे. अडचण येईल का?

उत्तर : येऊ शकते. सभासद होताना पुष्कळ संस्था जाहीर सादरीकरणाचे आणि प्रसारणाचे हक्क आपल्याकडे एकहाती घेतात, आणि तेही आधीच्या व पुढच्या सगळ्या रचनांचे. तसे झाले असेल, तर त्या रचना मोफत देण्याचा हक्क आपल्यापाशी उरलेलाच नसतो. आपण खुला परवाना लावला आणि एखाद्या केंद्राने त्यावर विसंबून गाणे वाजवले, तर संस्थेचे मागणीपत्र त्या बिचाऱ्या केंद्राकडे जाईल. म्हणून आधी आपला सभासदत्वाचा करार वाचावा. काही ठिकाणी वाट काढलेली आहे : नेदरलँड्समधल्या हक्कसंस्थेने २००७ मध्ये सभासदांना अव्यापारी क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने वापरू देणारा प्रयोग सुरू केला, आणि युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने आपल्या कृतींच्या अव्यापारी वापराची परवानगी स्वतः देण्याचा हक्क सभासदांना दिला. आपल्या संस्थेत तशी सोय आहे का, हे लेखी विचारावे.

सोय असेल, तरी दोन गोष्टी ठरवून मगच पुढे जावे. एक म्हणजे हे परवाने मागे घेता येत नाहीत. उद्या आपण पानावरून गाणे काढून टाकले, तरी ज्यांनी ते आधी घेतले त्यांचा हक्क कायम राहतो. दुसरी म्हणजे ज्यांनी आपल्याबरोबर गायले-वाजवले, त्या प्रत्येकाची लेखी संमती. तबल्यावर एका दुपारपुरत्या बसलेल्या साथीदाराचाही त्या मुद्रणात हक्क असू शकतो, आणि त्याला न विचारता त्याचा वाटा वाटून टाकणे योग्य नाही. संमतीपत्रात रचनेचे नाव, मुद्रणाची तारीख, परवान्याचे पूर्ण नाव व आवृत्ती आणि ‘प्रसारण व जाहीर सादरीकरणासह’ हे शब्द असावेत. ते पत्र गाण्याच्या मूळ धारिकेशेजारीच ठेवावे.