तुर्की भाषांमधली (म्हणजे तुर्कस्तानची तुर्की, कझाक, किर्गिझ, उझ्बेक अशा एकाच कुळातल्या भाषांमधली) नावं शोधायला सुरुवात करताय ना, मग हे वाचा

पहिलं म्हणजे नाव दिसलं की लगेच अर्थ शोधायला धावू नका, आधी त्याचे तुकडे पाडा. आयगुल घ्या, यातलं आय म्हणजे चंद्र हे अस्सल तुर्की पण गुल म्हणजे फूल हे फारसी, आणि अशी जोडनावं कझाक-किर्गिझ-उझ्बेक सगळीकडे ढिगाने सापडतात. मेहमेत तर सरळ अरबी मुहम्मदवरून आलंय, म्हणून बोलणारा तुर्की म्हणजे नावही तुर्कीच असं धरून चालू नका.

दुसरं, उच्चार कसे बदलतात ते एकदा पाठच करून टाका, खूप कामाला येतं. तुर्कस्तानात देमिर तेच कझाकमध्ये तेमिर, म्हणजे लोखंड, आणि तैमूर त्यातलाच. यिल्दिझ म्हणजे तारा, कझाकमध्ये झुल्दिझ, सुरुवातीच्या य चा झ होतो.

मला स्वतःला सगळ्यात भिडतात ती नवसाची नावं. मुलं जगत नसत तेव्हा दुर्सुन, म्हणजे 'राहू दे', किर्गिझमध्ये तोक्तोसून तसंच. आपल्याकडे दगडू, धोंडू ठेवायचे त्यामागचीच भीती ही. कझाकमध्ये उलबोलसिन म्हणजे 'मुलगा होवो', आणि हे नाव मुलीचं असतं बरं का! वाईट वाटतं वाचून, पण नोंद करताना गाळू नका प्लीज.

बिल्गे, म्हणजे शहाणा, हे मंगोलियातल्या आठव्या शतकातल्या ओर्खोन शिलालेखांतल्या कागानचं, म्हणजे तुर्की सम्राटाचं, नाव, तुर्कस्तानात आजही ठेवतात. आणि कुतुबुद्दीन ऐबक मधला ऐबक? आय अधिक बेक, म्हणजे सरदार, तुकडे पाडून बघा.