अठरा वर्षांनी लिहिलेला ‘मी’

“मॅडम, या वयात आता डोक्यात शिरेल का हो?”

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय, की समोरचा माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आत तो येणार हे मला कळतं. विचारणारे बहुतेक सरकारी नोकरीतले. पंधरा-वीस वर्षं सेवा झालेली असते. पुढच्या पदासाठी पदव्युत्तर पदवी लागते, किंवा निदान तिचं वजन पडतं, हे लक्षात आलेलं असतं. लोकप्रशासनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतात आणि मग रात्रीची झोप जाते.

त्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि खरं तर आणखी दोघी-तिघी त्यांच्यात थोड्या थोड्या मिसळल्या आहेत. वय त्रेचाळीस, सेवा अठरा वर्षं. लोकांचे अर्ज तपासून मंजुरीसाठी वर पाठवायचे, हे काम. पहिल्या सत्राचे दोन महिने उलटले होते आणि अभ्यासक्रम सोडायचा, हे त्या ठरवूनच आल्या होत्या. माझ्याकडून फक्त दुजोरा हवा होता.

“वाचते आणि दुसऱ्या दिवशी कोरी पाटी,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना हर्मन एबिंगहाउस यांच्याबद्दल सांगितलं. निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून आपण त्या किती वेगाने विसरतो, याचा प्रयोग या माणसाने स्वतःवरच केला आणि निष्कर्ष १८८५ साली प्रसिद्ध केले. तेव्हा तो पस्तिशीत होता. नवं वाचलेलं सुरुवातीच्या काही तासांतच झरझर निसटतं, तरुणांचंही. वयाने वेग थोडा कमी होतो, हे खरं. पण शब्दसंपत्ती आणि अनुभवातून साठलेली जाण पुष्कळ वर्षं टिकते. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे हे दोन पदर वेगळे करून दाखवले, त्यालाही आता कितीतरी दशकं झाली. त्यामुळे पानं पुन्हा पुन्हा वाचत बसण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढा आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच करा, असं सुचवलं. सोबत एक वेळापत्रकही आखून दिलं. छान होतं वेळापत्रक.

पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, “लक्षात राहतंय आता. पण सोडायचंच आहे.”

इथे मी चुकले होते. पंचवीस वर्षांच्या कामानंतरही अधूनमधून ही चूक होते : माणसाने सांगितलेली अडचण हीच त्याची अडचण आहे, असं धरून मी उपाय देऊन मोकळी होते. माझा कल मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचाराकडे. माणसाला आपला रस्ता आतून ठाऊक असतो, आपण घाई न करता ऐकायचं. आणि मीच घाई केली होती. म्हणून या वेळी फक्त विचारलं, “मधल्या काळात काय घडलं?”

त्यांनी पिशवीतून एक निबंध काढला. विषय होता समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांची नोकरशाहीची कल्पना : नियमाने चालणारी, माणूस पाहून न बदलणारी व्यवस्था. गुण जेमतेम. समासात प्राध्यापकांनी लिहिलं होतं, ‘तुमचं म्हणणं कुठे आहे?’

“माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत ते,” त्या म्हणाल्या. “ऑफिसात माझ्या सहीशिवाय कागद हलत नाही. आणि इथे हे!”

मी निबंध वाचला. ‘सदर विषयाबाबत असे नमूद करण्यात येते की…’, ‘उपरोक्त बाबी विचारात घेता योग्य ती कार्यवाही करणे उचित होईल.’ चार पानं, सात मुद्दे, एकही चूक नाही. आणि चार पानांत माणूस नाही.

“शेवटचं ‘मी’ कधी लिहिलं होतंत?”

त्या हसल्या. “रजेच्या अर्जात.”

आणि मग एकदम गप्प झाल्या. मीही गप्प राहिले. (नव्या समुपदेशकांना मी नेहमी सांगते : ही शांतता तुमची नाही, ती भरू नका.) बऱ्याच वेळाने त्या बोलल्या.

“एक बाई होत्या. नवरा गेलेला. त्यांचा अर्ज मी तीनदा परत पाठवला. दर वेळी एक कागद कमी. नियमाने बरोबरच होतं.”

“आणि?”

“आणि चौथ्यांदा त्या आल्याच नाहीत.”

“हे निबंधात का नाही?”

“हे? हा काय पुरावा आहे का?”

पुरावा नव्हे, हे मी लगेच मान्य केलं. पण प्रश्न आहे, आणि पंचविशीतल्या विद्यार्थ्याला तो पुस्तकातून उसना घ्यावा लागेल. वशिला चालू नये म्हणून नियम माणूस पाहत नाही. मग ज्या बाईला चौथी खेप परवडत नाही, तिच्याकडे कोण पाहणार? खिडकीमागे बसलेला कर्मचारी रोज जे छोटे निर्णय घेतो, तेच लोकांच्या दृष्टीने सरकारचं धोरण असतं, असं राज्यशास्त्रज्ञ मायकल लिप्स्की यांनी १९८० मध्ये मांडलं. बाईंनी ते वाचलं होतं, पाठही केलं होतं. ती खिडकी आपलीच, हे त्यांना त्या दिवशी माझ्या खोलीत जाणवलं.

मलाही त्या दिवशी एक गोष्ट स्वच्छ दिसली, आणि ती मी शोधली याचा थोडा अभिमान आहे, लपवत नाही. ‘डोक्यात शिरेल का’ असं विचारणाऱ्या बहुतेकांना भीती विस्मरणाची नसतेच. अठरा वर्षं त्यांना माहीत असण्याचा पगार मिळालेला असतो. वर्गात माहीत नसल्याचं चारचौघांत कबूल करावं लागतं, तेही खुर्ची नसताना. कार्यालयाने टिपणीतून ‘मी’ काढून टाकायला शिकवलं, त्याला कारण होतं. विद्यापीठ तोच ‘मी’ परत मागतं, कारणांसकट. ही अदलाबदल कुणी समजावून सांगत नाही.

म्हणून आता असा कुणी आला, की वेळापत्रक मी नंतर काढते. आधी सांगते, कामावर तुम्हाला आजही टोचणारी एक घटना लिहून आणा. पानभर, ‘सदर’ न वापरता. प्रत्येक विषय वाचताना ती शेजारी ठेवा आणि विचारा, हा सिद्धांत माझ्या घटनेला पुरतो का, कुठे तोकडा पडतो? लक्षात ठेवण्याचा प्रश्न पुष्कळसा तिथेच सुटतो. मात्र ‘आमच्याकडे असंच असतं’ एवढ्यावर थांबू नका. आपला अनुभव खोटा ठरवणारं उदाहरणही शोधायचं.

रुक्ष गोष्टीही आहेत. बढतीच्या नियमांत ही पदवी खरंच धरली जाते का, हे प्रवेशाआधी लेखी विचारा, सहकाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. अभ्यासरजा घेतली तर परतल्यावर किती वर्षं सेवा बांधील राहते, तेही वाचा. नोकरीसोबत शिकत असाल तर पहिल्या सत्रात विषय कमीत कमी घ्या. घरी ‘सांभाळून घ्या’ असं मोघम सांगू नका. आठवड्यातल्या कुठल्या तीन संध्याकाळी तुम्ही कुणाच्याच नाही, ते वार ठरवा.

बाईंनी अभ्यासक्रम सोडला नाही. दुसरा निबंध तीनदा परत पाठवलेल्या त्या अर्जावरच लिहिला. गुण बरे पडले, फार नाही. प्राध्यापकांनी समासात आणखी दोन प्रश्न विचारले होते, ते त्यांनी मला उत्साहाने वाचून दाखवले. बढतीची यादी अजून लागलेली नाही.

शेवटच्या भेटीत निघताना दारात थांबून म्हणाल्या, “आता अर्ज परत पाठवताना कमी असलेले सगळे कागद एकाच पत्रात लिहिते. साहेबांनी विचारलं, हे कुठल्या परिपत्रकात आहे?”

“मग?”

“म्हटलं, कुठल्याच नाही. मी ठरवलं.”