सोसायटीत चार्जर बसवण्याआधी

इलेक्ट्रिक गाडीसाठी चार्जर कुठला घ्यायचा हे नंतर ठरवा. आधी टेप घेऊन मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंतचं अंतर मोजा. खरा खर्च तिथे आहे. आमची वायर चाळीस मीटर निघाली आणि अंदाजपत्रक कोलमडलं.

रोज ५०-६० किलोमीटर फिरणार असाल तर साधारण ८-१० युनिट लागतात. १६ अँपिअरचा सॉकेट तासाला ३ युनिटच्या आसपास देतो, म्हणजे रात्रीची झोप पुरेशी आहे. ७.२ किलोवॅटचा वेगवान चार्जर हवाच असेल तर महावितरणकडे आधी घराचा मंजूर भार (जोडणीवर एकावेळी जास्तीत जास्त किती वीज वापरता येते ती मर्यादा) तपासा, कमी असेल तर वाढवून घ्या किंवा वेगळा मीटर मागा.

अर्थिंगवर मात्र अजिबात तडजोड नको. स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि तांब्याचीच वायर, परवानाधारक वायरमनकडून. एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी लावू नका, तो रात्रभर तापतो.

कमिटी अडली तर भांडू नका. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. ती प्रत जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या.