वाचकांचे प्रश्न : डुकरांची वंशावळ आणि शोधनिबंधांची मोजदाद

या वेळच्या पत्रांत वराहपैदाशीच्या आनुवंशिकीविषयी विचारणारे वाचक आहेत, तसेच त्या विषयावर कोणी किती लिहिले याची मोजणी करणारेही आहेत. दोघांच्या बहुतेक अडचणी एकाच ठिकाणी सुरू होतात: मोजायच्या गोष्टीची ओळखच पक्की नसते. म्हणून उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रबंधासाठी वराह-आनुवंशिकीच्या जागतिक साहित्याचा आढावा घेत आहे. ‘पिग’ आणि ‘जेनेटिक्स’ हे शब्द टाकल्यावर ढीगभर नोंदी आल्या, पण कितीतरी भलत्याच विषयांवरच्या आहेत. त्या कशा गाळाव्यात?

‘पिग’ हा शब्द फसवा आहे. गिनीपिग हा कृंतक प्राणी, पिग आयर्न म्हणजे कच्चे लोखंड, पिगटेल्ड मॅकाक हे माकड. या तिन्हींवरचे निबंध यादीत घुसतात. शब्दापुढे तारांकन (*, म्हणजे पुढे कोणतीही अक्षरे चालतील) लावून शोधले असेल तर कबुतरे, तूर आणि रंगद्रव्येही येतात, कारण त्यांच्या इंग्रजी नावांची सुरुवात याच तीन अक्षरांनी होते. ‘गिल्ट’ म्हणजे अजून न व्यालेली तरुण मादी; त्याला तारांकन लावले की गिल्टहेड नावाचा समुद्री मासा हजर. ‘सो’ म्हणजे व्यालेली मादी, पण तो शब्द टाकला की पेरणीचे निबंध, कारण इंग्रजीत ‘पेरणे’चे स्पेलिंगही तेच. सगळ्यांत त्रास देतो तो ‘लँडरेस’: डुकरांत ती एक जात, पीकशास्त्रात मात्र स्थानिक वाणालाच हा शब्द वापरतात. हॅम्पशायर ही डुकराची जात आहे तशी मेंढीचीही आहे.

शोध दोन गटांत बांधा. पहिला गट प्राण्याचा: पिग, पिग्ज, स्वाइन, पोर्साइन, पिगलेट, सस स्क्रोफा (डुकराचे शास्त्रीय नाव), सगळे पूर्ण शब्द, तारांकन नको. दुसरा गट आनुवंशिकीचा: हेरिटॅबिलिटी (अनुवंशक्षमता), ब्रीडिंग व्हॅल्यू (पैदास-किंमत), क्यूटीएल (मोजता येणाऱ्या गुणावर परिणाम करणारी जीनोममधली जागा), मार्कर असिस्टेड सिलेक्शन, जीनोमिक सिलेक्शन, इनब्रीडिंग (नात्यातल्या प्राण्यांची पैदास, म्हणजे अंतःप्रजनन). दोन्ही गट ‘अँड’ने जोडा. ड्युरॉक, पिएत्रँ, मेशान ही जातींची नावे पहिल्या गटात चालतील. लँडरेस आणि हॅम्पशायर एकटे ठेवू नका. शोध शीर्षक आणि सारांशापुरता ठेवा. वेब ऑफ सायन्स या निबंधांच्या डेटाबेसमध्ये ‘टॉपिक’ निवडले की ‘कीवर्ड्स प्लस’मधले शब्दही तपासले जातात. ते लेखकाने दिलेले नसतात. त्याने ज्यांचा संदर्भ घेतला त्या निबंधांच्या शीर्षकांवरून यंत्राने उचललेले असतात. बरीचशी भलती भरती तिथून होते.

गिनीपिग गाळायला ‘नॉट’ लावू नका. डुक्कर आणि गिनीपिग या दोघांचा उल्लेख असलेले कामाचे निबंधही त्यात जातात आणि गेल्याचे कळतही नाही. अशा नोंदी शेवटी हाताने काढा.

मग चाचणी दोन बाजूंनी घ्या. विषयातले नक्की माहीत असलेले तीसेक निबंध आधीच लिहून ठेवा आणि शोधात त्यांतले किती सापडतात ते पाहा. सुटलेल्या प्रत्येक निबंधाच्या सारांशात कोणता शब्द होता ते बघून यादी दुरुस्त करा. दुसरीकडे निकालातून यदृच्छेने 200 नोंदी काढून शीर्षके वाचा. वीसहून जास्त भलत्या निघाल्या तर आमच्या मते तो शोध प्रबंधात वापरण्याजोगा नाही. शब्दांना वयही असते हे ध्यानात ठेवा. जीनोमिक सिलेक्शनची, म्हणजे संपूर्ण जीनोमवरच्या खुणांवरून निवड करण्याची, पद्धत 2001 मध्ये मांडली गेली. त्याआधीच्या निवडीच्या कामात हा शब्द शोधून काही मिळणार नाही.

दोन्ही पालक हॅलोथेन चाचणीत निर्दोष होते, तरी त्यांची काही वाढलेली डुकरे वाहतुकीत अंग ताठून मेली. हे कसे? शिवाय या जनुकाचे जुने निबंध सापडत नाहीत.

हॅलोथेन वायू हुंगवून केलेल्या चाचणीत साधारणपणे तेच डुक्कर ताठरते ज्याच्याकडे सदोष जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत. एकच प्रत असलेला वाहक प्राणी चाचणी सहज पार करतो. तुमच्या डुकरांचे आईबाप दोघेही वाहक असावेत. अशा जोडीच्या पिल्लांत सरासरी एक चतुर्थांश दोन्ही सदोष प्रती घेऊन जन्मतात आणि निम्मी वाहक असतात. धावपळ, उष्णता, गाडीतली दाटी यांनी दोन्ही प्रती सदोष असलेल्यांच्या स्नायूंत कॅल्शियम अनावर सुटते, अंग तापते, स्नायू ताठतात. जगली तरी कत्तलीनंतर मांस फिकट, मऊ आणि पाणी सोडणारे होते. दोष इतका पसरला कारण हेच जनुक मांसलपणा वाढवते आणि चरबी घटवते. निवड करणारे नकळत त्यालाच निवडत गेले.

नेमका बदल 1991 मध्ये सापडला: आरवायआर1 जनुकात 1843 व्या जागी सीऐवजी टी, त्यामुळे प्रथिनात 615 व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन. तेव्हापासून केसांच्या मुळांतून किंवा कानाच्या तुकड्यातून डीएनए काढून वाहकही ओळखता येतो. पीसीआरने डीएनएच्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढल्यावर एचएचए-1 हे डीएनए कापणारे विकर निर्दोष प्रत कापते, सदोष प्रत कापत नाही. इथेच घात होतो: विकराने नीट काम केले नाही तर निर्दोष प्राणी वाहक, किंवा दोन्ही प्रती सदोष असलेला, असा दिसतो. म्हणून दोन्ही प्रकारच्या प्रतींत हमखास कापली जाणारी आणखी एक जागा त्या तुकड्यात घेतलेली असावी. ती कापली गेली नसेल तर निकाल फेकून द्यावा. शिवाय तिन्ही प्रकारचे माहीत नमुने प्रत्येक फेरीत सोबत चालवावेत. हे दोन्ही होते का, एवढे प्रयोगशाळेला विचाराच.

साहित्य सापडत नाही कारण याच जनुकाला आधी ‘हॅल’, मग ‘सीआरसी’, नंतर ‘आरवायआर1’ म्हटले गेले. या तिन्हींसोबत ‘पोर्साइन स्ट्रेस सिंड्रोम’ आणि ‘मॅलिग्नंट हायपरथर्मिया’ही शोधा. ‘रायनोडीन रिसेप्टर’ टाकाल तेव्हा प्राण्याचा गट जोडायला विसरू नका, नाहीतर माणसांची भूल आणि कीटकनाशके यांवरचे निबंध येत राहतील.

कळपात 2 नर आणि 20 माद्या आहेत. संगणकावर अंतःप्रजनन शून्य दिसते, पण वेताला पिल्ले कमी होत चालली आहेत.

त्या शून्यावर विश्वास ठेवू नका. ज्या प्राण्याचे आईबाप नोंदलेले नाहीत, तो कोणाशीच नात्यात नाही असे प्रणाली गृहीत धरते. वंशावळ जितकी अपुरी, तितके अंतःप्रजनन कमी दिसते.

प्रत्यक्षात किती वाढते पाहा. नर आणि मादी यांच्या संख्यांचा गुणाकार चौपट करा, त्याला त्यांच्या बेरजेने भागा: 160 भागिले 22, म्हणजे सुमारे 7.3. ही कळपाची परिणामी संख्या, म्हणजे अंतःप्रजननाच्या हिशेबाने कळप जणू एवढ्याच प्राण्यांचा. तिच्या दुपटीने 1 ला भागले की दर पिढीची वाढ येते, साधारण 6.9 टक्के. नर 4 केले तर हीच वाढ 3.75 टक्क्यांवर येते. माद्या वाढवून इतका फरक पडत नाही.

मात्र सगळा दोष अंतःप्रजननाला देण्याआधी माद्यांची वेते बघा. पहिलटकरणींचे प्रमाण वाढले असेल तरी सरासरी उतरते. वेतातल्या पिल्लांच्या संख्येची अनुवंशक्षमता सुमारे 0.1 इतकीच आहे, म्हणजे फरकाचा दहावा भागच आनुवंशिक. मादीच्या एका वेतावरून तिची पैदास-किंमत (पैदाशीचा प्राणी म्हणून आनुवंशिक मूल्य) ठरवली तर अचूकता जेमतेम 0.32 येते (1 म्हणजे पूर्ण अचूक). नराच्या 20 मुलींच्या एकेक वेतावरून त्याची ठरवली तर 0.58.

आणि कानाच्या खाचा तपासा. प्रचलित पद्धतीत डुकराच्या स्वतःच्या उजव्या कानावर वेताचा क्रमांक आणि डाव्यावर पिल्लाचा असतो. उजव्या कानावरच्या जागांच्या किमती 1, 3, 9, 27 आणि टोकाला 81. वेत 14 म्हणजे 9, 3 आणि दोनदा 1. समोर उभे राहून वाचणारा उजवा-डावा उलटा करतो. भांडणात फाटलेला कान खाचेसारखा दिसतो आणि त्या पिल्लाची आईच बदलते. म्हणून खाचेसोबत बिल्लाही लावा. एकाच माजात दोन नर वापरले असतील तर बापाच्या रकान्यात अंदाजाने नाव लिहू नका, ‘अज्ञात’ लिहा, नाहीतर डीएनएने ठरवा.

सहलेखकांचे जाळे काढले तर मध्ये एक प्रचंड गोळा आणि भोवती ठिपके दिसतात. चूक कुठे आहे?

दोन ठिकाणी पाहा. पहिले, महासहकार्याचे निबंध. 2012 च्या डुकराच्या जीनोमवरील निबंधाला शंभराहून अधिक लेखक आहेत; फक्त 100 धरले तरी एकट्या निबंधातून 4,950 जोड्या तयार होतात. व्हीओएसव्ह्यूअर या जाळी काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये निबंधामागे कमाल लेखकसंख्या ठरवता येते, किंवा अंशात्मक मोजणी निवडा, म्हणजे जितके लेखक जास्त तितका प्रत्येक दुवा हलका. काय निवडले ते चित्राखाली लिहा.

दुसरे, नावे. ‘वाय. ली’ या एका नोंदीखाली अनेक माणसे असतात. उलट एकच व्यक्ती आद्याक्षरे, जोड-आडनाव किंवा ‘व्हॅन’ यांच्या फरकाने तीन ठिकाणी विखुरते. आमच्या मते विखुरणे परवडते, एकत्र होणे नाही: विखुरलेली व्यक्ती नुसती लहान दिसते, पण एकत्र झालेली दोन माणसे कधीही न भेटलेल्या गटांत खोटा पूल बांधतात. संस्था, सहलेखक आणि वापरलेले संदर्भ यांपैकी दोन गोष्टी जुळल्याशिवाय नावे जोडू नका. ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा कायमचा ओळख-क्रमांक) 2012 पासूनचा, त्यामुळे जुन्या लेखकांसाठी हे हातानेच करावे लागते. दुरुस्त्या थिसॉरस फाइलमध्ये दोन रकान्यांत (सापडलेले नाव आणि त्याऐवजी वापरायचे नाव) ठेवा, मूळ डेटाला हात लावू नका.

एच-इंडेक्सवरून पैदासशास्त्रज्ञांची तुलना करावी का?

करू नये. 2005 मध्ये मांडलेला हा आकडा (उदा. 10 म्हणजे निदान 10 वेळा उद्धृत झालेले 10 निबंध) वयाबरोबर फक्त वाढतो, आणि या विषयातले पुष्कळ महत्त्वाचे काम परिषदांच्या इतिवृत्तांत आहे, जे डेटाबेसमध्ये अर्धवटच येते. उद्धरण म्हणजे सहमतीही नव्हे. 1996 मध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टर जनुकाचा पिल्लांच्या संख्येशी संबंध दाखवला गेला. पुढे त्याचा संदर्भ देणाऱ्या अनेकांना आपल्या कळपात तो परिणाम दिसलाच नाही, तरी तेही त्याच आकड्यात जमा होतात. निदान पन्नास उद्धरणांची वाक्ये वाचून ती पाठिंबा, विरोध आणि नुसता उल्लेख अशी विभागा.

खाचा मारणारे, वजने घेणारे फार्मवरचे सहकारी सहलेखक व्हावेत का?

आयसीएमजेई या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीच्या चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा मजकुरात मोलाची सुधारणा, अंतिम मजकुराला संमती, आणि कामाची जबाबदारी. चारही हव्यात. पण पहिली अट पूर्ण करणाऱ्याला पुढच्या तीन पूर्ण करण्याची संधी द्यायला हवी, हेही त्याच नियमांत आहे. मसुदा दाखवायचाच नाही आणि मग ‘लिखाणात सहभाग नव्हता’ म्हणून नाव वगळायचे, हा अन्याय आहे. नोंदवहीतल्या विसंगती ज्याने शोधून दिल्या, त्याला पद्धतींचा भाग वाचायला द्या. तो बहुधा एखादी खरी चूक दाखवेल. लेखकांचे योगदान नोंदवणाऱ्या क्रेडिट वर्गीकरणातल्या 14 भूमिकांपैकी ‘इन्व्हेस्टिगेशन’ आणि ‘डेटा क्युरेशन’ या त्याच्या आहेत. लेखकयादीत येऊ इच्छित नसेल तर त्याची संमती घेऊन आभारात नाव आणि नेमके काम लिहा.